आकाशाकडून वेळ मागणारं घड्याळ

टोकियोहून मुंबईला उतरलात, की घड्याळ साडेतीन तास मागे घ्यावं लागतं. सेकोने २०१२ साली बाजारात आणलेल्या सौर ‘अ‍ॅस्ट्रॉन’चं फक्त बटण दाबायचं, काटे आपणहून फिरतात. नाव जुनंच. १९६९च्या नाताळात सेकोनेच काढलेलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळही ‘अ‍ॅस्ट्रॉन’च होतं, किंमत साडेचार लाख येन!

हे घड्याळ विचारतं जीपीएस उपग्रहांना. नुसती वेळ हवी असेल तर एका उपग्रहाचा संदेश पुरतो. ठिकाण कळायला मात्र चार लागतात: तीन जागेसाठी, चौथा घड्याळाच्या स्वतःच्या चुकीचा हिशेब लावायला. मग पोटातल्या नकाशावरून तिथली प्रमाणवेळ ठरते.

खरी गंमत पुढेच आहे. उपग्रहांची वेळ आपल्या वेळेच्या १८ सेकंद पुढे असते, कारण १९८० पासून जगाने अधूनमधून वाढवलेले ‘लीप सेकंद’ जीपीएस मोजतच नाही. ही तफावत उपग्रहच कळवतो, घड्याळ ती वजा करतं.

वीस हजार किलोमीटरवरून येणारा हा संदेश अगदी क्षीण असतो, आणि तो पकडणारा रिसीव्हर वीज खाणारा. म्हणून तबकडीतून झिरपणारा प्रकाश खालच्या सौरघटावर पडतो आणि बॅटरी भरतो. धातू लहरी अडवतो, त्यामुळे अँटेना सिरॅमिकच्या कड्याखाली. एवढा संसार मावायचा म्हणजे घड्याळ थोराड होणारच. नाजूक मनगटावर ते शोभत नाही. फोन हेच काम फुकटात करतो, हेही खरं. आणि ठिकाण शोधायचं तर छताखालून बाहेर, मोकळ्या आभाळाखाली यावं लागतं.