नकोशा वस्तूंचा निरोप

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं भल्या सकाळीं विदर्भांतील खेड्यापाड्यांत एक कौतुकाचा प्रकार पाहावयास मिळतो. आदल्या दिवशीं दारांत ठेवलेल्या पळसाच्या फांद्या उचलून मुलें गांवाच्या शिवेकडे धांवत सुटतात आणि घरांतली रोगराई, खोकला, इडापीडा सगळी घेऊन जा, असें मारबतीला ओरडून बजावतात. नागपुरास तर काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मोठी मिरवणूक निघते व शेवटीं त्यांचें दहन होतें. एकोणिसाव्या शतकांत सुरू झालेला हा प्रघात आजतागायत चालू आहे. त्यांतली एकच गोष्ट मला आज घ्यावयाची आहे. घरांत जें नको असतें तें आपोआप जात नाहीं. त्याला दिवस ठरवून, तोंडानें उच्चार करून निरोप द्यावा लागतो, हें आपल्या पूर्वजांना ठाऊक होतें. खोकल्याला या उपायानें जो गुण येत असेल तो येवो. माळ्यावरच्या अडगळीला मात्र तो बरोबर लागू पडतो.

आमच्या वणीचेंच उदाहरण घेऊं. १९०५ पर्यंत ज्याच्या नांवानें सारा जिल्हा ओळखला जाई आणि जेथें १८८० सालीं लोकनायक बापूजी अणे जन्मले, असें हें जुनें गांव. येथें दोन प्रकारचीं घरें दिसतात. एक, कापसाच्या व शेतीच्या उत्पन्नावर उभीं राहिलेलीं जुनीं घरें. आणि दुसरीं, कोळशाच्या खाणींमुळें आलेल्या नोकरदारांचीं बिऱ्हाडें. नोकरदाराची बदली झाली कीं त्याला सामान बांधावें लागतें, आणि बांधतांना प्रत्येक जिनसेला ‘तुला बरोबर न्यावयाचें कीं नाहीं?’ असें विचारणें प्राप्त होतें. जुन्या घराला हा प्रश्न कोणी विचारीतच नाहीं. तेथें आजोबांच्या कंदिलावर वडिलांचा रेडिओ येऊन बसतो, रेडिओवर नातवाचा पाळणा, आणि पाळण्यांत जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे. मग एके दिवशीं मुलगा पुण्यास, मुलगी नागपुरास, आणि घरांत एकटी वृद्ध आई व तिच्या पलंगाखालीं कुलूप घातलेल्या चार पेट्या, असें चित्र दिसूं लागतें. पेट्यांत काय आहे, हें तिला धड आठवत नाहीं. पण त्या उघडण्याच्या नुसत्या विचारानें तिच्या छातींत धडधडतें. अशा घराचा प्रश्न केवळ झाडलोटीचा नव्हे. तो मनःस्वास्थ्याचा आहे.

निर्जीव वस्तूंचें ओझें मनाला कां वाटावें? मला वाटतें, अडगळींतली प्रत्येक वस्तु म्हणजे एक न घेतलेला निर्णय असतो. बंद पडलेला पंखा माळ्यावर जातो, तो तेथें जागा आहे म्हणून नव्हे; दुरुस्त करावा कीं मोडींत द्यावा, हें ठरलें नाहीं म्हणून जातो. पुढें जेव्हां जेव्हां त्याच्याकडे दृष्टि जाते, तेव्हां तेव्हां तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि आपण तो पुन्हा टाळतों. एका पंख्याचें कांहीं वाटत नाहीं. पण असे शंभर प्रश्न घरभर उभे असले म्हणजे स्वतःच्या घरांत बसूनहि माणसाला निवांत वाटेनासें होतें. पेटी रिकामी केल्यावर जें हलकें वाटतें, तें वजन घटल्यामुळें नव्हे, तर पुष्कळ दिवस तुंबलेल्या प्रश्नांचा निकाल लागल्यामुळें.

या अनुभवाला जुळणारें एक निरीक्षण अमेरिकेंत झालें आहे. सॅक्सबी व रेपेटी या दोन विदुषींनीं लॉस एंजेलिस येथील ६० नोकरदार पति-पत्नींना आपापलें घर दाखवीत त्याविषयीं बोलावयास सांगितलें, आणि आपले निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध केले. ज्या स्त्रियांच्या बोलण्यांत पसाऱ्याचा आणि अर्धवट राहिलेल्या कामांचा उल्लेख अधिक, त्यांच्या शरीरांतील कॉर्टिसॉल हें ताणाशीं निगडित असलेलें द्रव्य दिवस उतरतांना जसें उतरावें तसें उतरत नव्हतें, आणि दिवस सरतां सरतां त्यांचें मनहि अधिक खिन्न होई. पसाऱ्यानें ताण आणला कीं ताणानें पसारा वाढविला, हें एवढ्यावरून सिद्ध होत नाहीं. दोघांची सोबत मात्र दिसून येते.

मग इतकें जड होतें तर माणूस तें टाकीत कां नाहीं? ‘पुढेंमागें लागेल’ आणि ‘याला पैसे पडले आहेत’ हीं दोन उत्तरें आपण सर्वांनीं दिलेलीं आहेत. त्यांच्या मागें एक खोल प्रवृत्ति आहे. कानमन, नेच आणि थेलर या तीन पंडितांच्या १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कांहीं विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे पेले देण्यांत आले व उरलेल्यांना ते विकत घेण्यास सांगितलें. ज्यांच्या हातीं पेला आला त्यांनीं मागितलेली किंमत, घेणाऱ्यांनीं देऊं केलेल्या किंमतीच्या सुमारें दुप्पट भरली. पेला तोच, केवळ थोड्या वेळापूर्वीं तो ‘माझा’ झाला होता. थोड्या वेळाच्या मालकीनें जर किंमत दुप्पट होते, तर चाळीस वर्षें पेटींत जपलेल्या शालूविषयीं काय बोलावें?

सर्वांत कठीण असतात त्या गेलेल्या माणसाच्या वस्तू. खुंटीवरचा कोट, कोपऱ्यांतली काठी, चष्म्याचें घर. त्या दिल्या तर माणूस दुसऱ्यांदा गेला, असें वाटतें. ठेवल्या तर दुःख रोज नव्यानें भेटतें. या ठिकाणीं आपल्या उत्तरक्रियेंतील शय्यादान व पददान यांचा विचार करण्यासारखा आहे. मृताच्या नांवानें अंथरूण-पांघरूण, छत्री, पादत्राणें, पाण्याचें भांडें अशा नित्याच्या वस्तू दान देण्याचा हा विधि. त्या मृताला परलोकीं उपयोगीं पडाव्या, हा त्याचा शास्त्रार्थ. तो कोणी मानो वा न मानो. मागें राहिलेल्यांवर त्याचा जो परिणाम होतो तो डोळ्यांना दिसतो. सर्व आप्तांच्या देखत छत्री दुसऱ्याच्या हातांत जाते, दाराबाहेर पडते, आणि जगाला तिचा उपयोग होणार आहे, एवढें समाधान घराला मिळतें. दिवस ठरलेला, घेणारा समोर, आणि चारचौघे साक्षीला! या तीन गोष्टी असल्या म्हणजे सोडणें सोपें जातें. एकट्यानें, रात्रीं, रडत रडत कपाट उपसणें त्याहून फार कठीण.

ज्यांना हा विधि पटत नाहीं, त्यांच्यासाठीं दुसरा मार्ग आहे. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियाच्या एका विद्यापीठांत वसतिगृहांच्या विद्यार्थ्यांकडून जुन्या वस्तू दानासाठीं गोळा केल्या गेल्या. एका गटाला, प्रिय वस्तूचें आधीं छायाचित्र घ्या आणि मग ती द्या, असें सुचविलें. दुसऱ्या गटाला नुसतेंच आवाहन केलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत पहिल्या गटाकडून ६१३ वस्तू आल्या, दुसऱ्याकडून ५३३. आपल्याला सोडवत नाहीं ती पुष्कळदां वस्तु नसतेच. तिच्यांत ठेवलेली आठवण असते. आठवणीला दुसरें घर मिळालें कीं वस्तु मोकळी होते.

परंतु या कामाला मर्यादाहि आहेत. पहिली ही कीं, दुसऱ्याच्या पेटीला त्याच्या संमतीवांचून हात लावूं नये. सुटींत घरीं आलेल्या मुलानें आईचा माळा तिच्या माघारीं साफ केला, तर त्याला स्वच्छता दिसेल, तिला मात्र लूट वाटेल. कांहीं माणसांना तर कांहींहि टाकणें असह्य होतें. साठवण्याच्या या विकृतीची स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणांत २०१३ सालीं नोंद झाली. तेथें बळजबरीनें हित होत नाहीं. वैद्याचें साह्य घ्यावें. दुसरी मर्यादा आमच्या वणीच्या परिसरांत उघड्या डोळ्यांनीं दिसते. उघड्या खाणींत कोळशाच्या थरावरची माती आणि दगड आधीं काढून बाजूला टाकावे लागतात. त्यांचे ढीग टेकड्यांसारखे उभे राहतात. एका जागेचा भार दुसऱ्या जागीं गेला, नाहींसा झाला नाहीं. घरांतील वस्तूंचेंहि तसेंच आहे. फाटकें, मळकें वस्त्र गरिबाच्या दारांत टाकणें हें दान नव्हे. तें आपलें ओझें त्याच्या डोक्यावर देणें झालें. नेसण्याजोगें असेल तें धुऊन, घडी करून द्यावें. बाकीचें गोधडीला, बोहारणीला, भंगारवाल्याला किंवा रद्दीला, ज्याच्या त्याच्या वाटेनें जावें.

अमरावती जिल्ह्यांत १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं हातांत खराटा आणि एक मातीचें गाडगें एवढाच संसार ठेवला, आणि लोकांकडून आलेलें धन धर्मशाळांत, लोकांच्याच उपयोगांत घातलें. त्यांचा मार्ग सर्वसंगपरित्यागाचा. गृहस्थाला तो झेपणार नाहीं, आणि झेपावा असा आग्रहहि नाहीं. गृहस्थानें एका दिवशीं एक पेटी उघडावी, इतकेंच पुरे. घर एकदम उपसूं नये. जमिनीचे कागद, दस्तऐवज, जुनीं पत्रें आणि छायाचित्रें आधींच वेगळीं काढावीं. तीं अडगळ नव्हेत. उरलेली प्रत्येक वस्तु हातांत घेऊन, ही आज कोणाच्या उपयोगाची आहे, असें विचारावें. उत्तर ‘माझ्या’ असें आलें तर ती पेटीबाहेर काढून वापरावी. दुसऱ्याच्या असें आलें तर त्याच दिवशीं त्याच्याकडे पोहोंचवावी. उद्यांवर ठेवलेली वस्तु परत माळ्यावर जाते. आणि घरांतल्या वृद्धांना हाताशीं बसवून प्रत्येक वस्तूची हकीकत विचारावी. पुष्कळदां त्यांना वस्तु राखावयाची नसते. ती कोठून, कशी आली हें कोणीतरी एकदां नीट ऐकून घ्यावें, एवढीच त्यांची इच्छा असते. ती पुरी झाली म्हणजे त्या आपण होऊन म्हणतात, ‘घेऊन जा.’

शेवटीं एकच विनंती. पेटी रिकामी झाली कीं लगेच तिच्यांत दुसरें कांहीं भरूं नका. थोडे दिवस ती जागा तशीच राहूं द्या. रिकाम्या जागेकडे पाहून भीति न वाटतां बरें वाटूं लागलें, म्हणजे समजावें कीं निरोप पुरता झाला.