एका ‘ऑफ’ची गोष्ट

मागच्या हिवाळ्यात माझी नोकरी एका ‘ऑफ’मुळे धोक्यात येता येता राहिली. सलग तीन रात्री जागून आमच्या टीमनं एका सिस्टीमचं नवीन व्हर्जन चालू केलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरला मेल टाकला, सोमवारी सुट्टी हवी म्हणून. त्यात लिहिलं, ‘आय अ‍ॅम टायर्ड ऑफ धिस वर्क.’ मला म्हणायचं होतं, कामानं थकलोय.

मंगळवारी त्यांनी मला बाजूच्या खोलीत नेलं आणि शांतपणे विचारलं, ‘‘तुला हे काम सोडायचंय का? तसं असेल तर मी दुसरं कोणी बघतो.’’ पोटात गोळाच आला. इथे इंग्लंडमध्ये माझा व्हिसा याच नोकरीवर उभा आहे.

‘टायर्ड फ्रॉम’ म्हणजे थकलेला. ‘टायर्ड ऑफ’ म्हणजे कंटाळलेला, विटलेला. थकलेल्याला सुट्टी मिळते, विटलेल्याला वाट दाखवतात. दहा मिनिटं खुलासा केला, तेव्हा कुठे ते हसले.

मी साताऱ्यात मराठी माध्यमात शिकलो. विभक्तीचे प्रत्यय घोकले होते, पण इंग्रजी विशेषणापुढे कोणतं शब्दयोगी अव्यय येतं हे वेगळं शिकावं लागतं, याचा पत्ताच नव्हता. मी मराठीच मनात धरून चालायचो. आपण बायकोवर रागावतो, म्हणून ‘अँग्री ऑन’. इंग्रजीत माणसाबाबत ‘अँग्री विथ’ आणि गोष्टीबाबत ‘अँग्री अबाउट’. मुलगा गणितात हुशार, म्हणून ‘गुड इन मॅथ्स’. इथे सगळे ‘गुड अ‍ॅट’ म्हणतात. लग्न कुणाशी तरी होतं, म्हणून ‘मॅरीड विथ’. हवं ‘मॅरीड टू’. ऑफिसात तर मी वर्षभर ‘सीनियर दॅन मी’ म्हणत होतो. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून आलेले. त्यांच्यापुढे ‘दॅन’ नाही, ‘टू’ येतं.

या चुका ऐकणारा समजून घेतो. खरी पंचाईत होते ती अव्यय बदललं की अर्थच बदलतो तेव्हा. ‘कन्सर्न्ड अबाउट’ म्हणजे काळजीत असणं, ‘कन्सर्न्ड विथ’ म्हणजे त्या विषयाशी संबंध असणं. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ म्हणजे कामाची जबाबदारी, ‘रिस्पॉन्सिबल टू’ म्हणजे ज्याला उत्तर द्यायचं तो साहेब. ‘अफ्रेड ऑफ हिम’ म्हणजे त्याला घाबरणं, ‘अफ्रेड फॉर हिम’ म्हणजे त्याच्या काळजीनं जीव खालीवर होणं.

याला एकच एक नियम नाही. इंग्रजांचंही आपसात जमत नाही: इथे ‘डिफरंट टू’ सर्रास ऐकू येतं, अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’, आणि ‘डिफरंट फ्रॉम’ दोन्हीकडे चालतं. मी आता एवढंच करतो: विशेषण आणि त्याचं अव्यय मिळून एकच शब्द आहे असं समजून पाठ करतो. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी १९४२ मध्ये आपल्यासारख्या परक्यांसाठी शब्दकोश काढला. ऑक्सफर्डचा आजचा विद्यार्थी-कोश त्याचाच वंशज. त्यात विशेषणाबरोबर कोणतं अव्यय चालतं तेही दिलेलं असतं. मेल पाठवण्याआधी मी तो उघडतो.

परवा व्हिडिओ कॉलवर माझी सहा वर्षांची लेक आजीला फुरंगटून म्हणाली, ‘‘आजी, मी तुझ्यासोबत रागावलेय!’’ आई खळखळून हसली. ‘‘अगं, दोघी मिळून रागावलो असू, तर कुणावर ते तरी सांग!’’

लेक गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. तिनं ‘अँग्री विथ’चं सरळ मराठी केलं होतं. माझीच चूक, उलट्या दिशेनं. मी तिला म्हटलं, ‘‘तुझ्यावर म्हणायचं, सोनू.’’ तेव्हापासून आमचा करार झालाय: ती माझी इंग्रजी अव्ययं सुधारते, मी तिचे मराठी प्रत्यय. सध्या माझ्याच चुका जास्त निघताहेत.