पायांची पुंजी

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम कडेला पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर या तालुक्यांचा डोंगरपट्टा पसरलेला आहे. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस कोसळतो. परंतु तीव्र उतारांवरून आणि काळ्या कातळावरून ते पाणी पाहता पाहता वाहून जाते. उन्हाळा आला की पाड्यापाड्यांवरील स्त्रिया डोईवर हंडे घेऊन विहिरीची वाट चढताना आणि उतरताना दिसतात. शेत, बाजार, शाळा, दवाखाना, सारे काही पायांवर अवलंबून असलेला हा मुलूख आहे. म्हणूनच पायांची पुंजी कशी जपावी आणि वय वाढत असता ती कशी खर्चावी, याचा विचार करण्यासाठी या परिसराइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

याच पट्ट्यातील हरसूलजवळच्या सावरपाडा या वस्तीने देशाला कविता राऊत ही धावपटू दिली. ५ मे १९८५ रोजी जन्मलेली ही आदिवासी कन्या याच चढउतारांवर लहानाची मोठी झाली, नाशिकला विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली घडली आणि पुढे ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिची पदके आपल्याला ठाऊक असतात. या लेखात मात्र तिच्या कारकिर्दीचा एक वेगळा पैलू पाहावयाचा आहे. तो ज्येष्ठांच्या आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या कुटुंबीयांच्या विशेष उपयोगाचा आहे.

अंतर बदलत गेले

२०१० सालच्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत कविता राऊत हिने दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. केनियाच्या दोन धावपटू तिच्या पुढे होत्या. ट्रॅकवरील वैयक्तिक शर्यतीत राष्ट्रकुल पदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. पुढच्याच महिन्यात ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत तिने याच अंतरात रौप्यपदक पटकाविले. सुवर्णपदक विजेती प्रीजा श्रीधरन हिच्यापेक्षा ती एका सेकंदाहूनही कमी अंतराने मागे राहिली. चारशे मीटरच्या पंचवीस फेऱ्या धावल्यानंतर उरलेला हा फरक! २०१२ साली तिला अर्जुन पुरस्काराने गौरविण्यात आले.

तिशी ओलांडल्यावर तिची वाट बदलली. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत ती ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये उतरली आणि २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये तिला २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद लागले आणि तिचा क्रमांक १२० वा आला. सहा महिन्यांच्या अंतराने जवळजवळ एकवीस मिनिटांचा फरक पडला. तरीही तिने ती शर्यत पूर्ण केली.

विजयाच्या हिशेबात १२० वा क्रमांक नगण्य वाटेल. आरोग्याच्या हिशेबात मात्र या सबंध प्रवासाला मोल आहे. वयाबरोबर शरीर जे देऊ शकते ते ओळखून अंतर बदलावे, गती बदलावी, पण धावणे सोडू नये, असा हा प्रवास आहे.

चौदा किलोमीटरची कारकीर्द

हीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला, अगदी निराळ्या खेळात पाहावयास मिळते. अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून भिन्न खेळ आहे. त्यात अंडाकृती चेंडू छातीशी कवटाळून प्रतिपक्षाच्या गराड्यात घुसणाऱ्या खेळाडूला ‘रनिंग बॅक’ म्हणतात. आपल्या कबड्डीतील चढाईपटू डोळ्यांसमोर आणावा. फरक इतकाच, की याला परत फिरावयाचे नसते. अंगावर पाच-सहा धिप्पाड माणसे कोसळेपर्यंत पुढेच सरकावयाचे असते. साहजिकच या जागेवरील खेळाडूंची कारकीर्द अल्पायुषी असते. बहुतेकांचे पाय तिशीच्या आसपास जाब देतात.

फ्रँक गोर हा खेळाडू या नियमाला अपवाद ठरला. महाविद्यालयीन काळातच त्याच्या दोन्ही गुडघ्यांचे मुख्य लिगामेंट, म्हणजे सांध्याला स्थैर्य देणारे अस्थिबंध, तुटले आणि दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली. २००५ साली व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले तेव्हा त्याच्याआधी चौसष्ट जणांची निवड झाली होती. त्यानंतर मात्र तो सोळा हंगाम खेळला. पहिली दहा वर्षे सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात गेली. पुढे इंडियानापोलिस, मायामी, बफेलो आणि न्यू यॉर्क असा चार संघांतून प्रवास झाला. तरुणपणी संघाचा सारा भार वाहणारा हा खेळाडू उत्तरार्धात नवख्यांबरोबर भार वाटून घेऊ लागला. ज्या संघात जी भूमिका मिळेल ती त्याने स्वीकारली आणि वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत तो मैदानावर उभा राहिला.

चेंडू घेऊन त्याने सोळा वर्षांत मिळविलेले एकूण अंतर १६,००० यार्ड, म्हणजे सुमारे १४.६ किलोमीटर भरते. व्यावसायिक खेळाच्या इतिहासात केवळ दोघेच त्याच्या पुढे आहेत. मॅरेथॉनच्या अंतराचा हा जेमतेम तिसरा हिस्सा. आणि तोही एकेका प्रयत्नाला सरासरी चार मीटरांहून कमी, अशा तुकड्यातुकड्यांनी जोडलेला. आपल्या घरात शस्त्रक्रियेनंतर प्रथमच पलंगावरून उठून खिडकीपर्यंत जाणाऱ्या आजोबांचे अंतरही साधारण तेवढेच असते. ते क्षुल्लक मानू नये.

याच खेळाडूच्या घरातली एक बाजू काळजीवाहू कुटुंबीयांनी लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच्या आईला मूत्रपिंडाचा विकार होता आणि तिला डायलिसिस घ्यावे लागे. २००७ साली, मुलाचा तिसरा हंगाम नुकताच सुरू झालेला असताना, ती निवर्तली. दुखणे घरात असले तरी काम थांबत नाही, हे आपल्यापैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे.

वेग आधी का जातो?

आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. जलद तंतू झटक्यात बळ देतात आणि लवकर थकतात. मंद तंतू सावकाश पण दीर्घकाळ काम करतात. वाढत्या वयात प्रथम आणि अधिक प्रमाणात झिजतात ते जलद तंतू. झटक्यावर जगणारा रनिंग बॅक लवकर निवृत्त होतो आणि लांब पल्ल्याचा धावपटू अधिक काळ टिकतो, याचे एक कारण येथे आहे.

ज्येष्ठांच्या बाबतीत याच झिजेचा परिणाम घरातल्या न्हाणीघरात दिसतो. पाय घसरला असता क्षणार्धात दुसरे पाऊल टाकून तोल सावरण्याचे काम जलद तंतूंचे असते. ते दुबळे झाले की माणूस सावरण्याऐवजी पडतो. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट आणखी वाढते. त्यात सक्तीची विश्रांती भर घालते. निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवले असता त्यांच्या पायांतील जवळपास एक किलो वस्तुमान घटल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात आढळले. दहा दिवसांचा ताप किंवा कंबरदुखी ज्येष्ठांना एवढी महाग का पडते, ते यावरून समजावे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो: ‘जन्मभर कष्टच केले, आता व्यायाम कशाला?’ पेठसारख्या भागातील स्त्रियांच्या तोंडी तर तो सर्वथा शोभतो. परंतु कष्ट आणि व्यायाम यांत अंतर आहे. डोईवरच्या हंड्याचे वजन बाई ठरवीत नाही. विसावा कधी घ्यावा हेही तिच्या हाती नसते. त्यामुळे मान, कंबर आणि गुडघे झिजतात. व्यायामात भार आपण ठरवितो, तो हळूहळू वाढवितो आणि मध्ये विश्रांती घेतो. धावपटू याच पद्धतीने पाय घडवितो.

ज्येष्ठांनी काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. दोन किंवा अधिक दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि तीन किंवा अधिक दिवस तोल सुधारणारे व्यायाम करावेत. ज्यांना एवढे शक्य नाही त्यांनी प्रकृतीला झेपेल तेवढी हालचाल करावी. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे: चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

त्यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. हात नसलेल्या, भिंतीला टेकविलेल्या भक्कम खुर्चीवरून हळू उठणे आणि हळू बसणे, असे आठ-दहा वेळा करावे. ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. आधार हाताशी ठेवून एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याचा सराव करावा. गुडघेदुखी असणाऱ्यांनी चढापेक्षा उताराला जपावे, कारण उतरताना गुडघ्यावर अधिक ताण येतो. हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा वारंवार पडण्याचा इतिहास असेल तर आरंभ डॉक्टरांच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच करावा. चालताना छातीत दुखणे, नेहमीपेक्षा अधिक धाप लागणे, घेरी येणे किंवा एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणे, यांपैकी काहीही झाल्यास थांबून त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.

आहारात या डोंगरपट्ट्याची नागली, म्हणजेच नाचणी, आवर्जून असावी. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तथापि स्नायूंसाठी प्रथिनेही हवीत. निरोगी ज्येष्ठांना शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, असे तज्ज्ञ सांगतात. भाकरीबरोबर उडदाचे वरण, दूध, दही, चालत असल्यास अंडे, अशी जोड द्यावी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

कुटुंबीयांसाठी

आपल्याकडे प्रेमापोटी एक चूक सर्रास होते. सासूबाई उठू लागल्या की सून म्हणते, ‘आई, तुम्ही बसा, मी आणते.’ बाबा दुकानात निघाले की मुलगा दुचाकी काढतो. हेतू निर्मळ असतो. परंतु दिवसातली अशी वीस उठबस काढून घेतली की पायांचा रोजचा सराव बुडतो. पाण्याचा तांब्या त्यांना स्वतः घेऊ द्यावा. वाटेतली सतरंजी काढावी, न्हाणीघरात पकडण्यासाठी दांडी बसवावी, रात्री दिवा तेवत ठेवावा, आणि मग त्यांना चालू द्यावे. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला बहुधा त्याच किंवा दुसऱ्याच दिवशी उभे केले जाते. रुग्णालय जे धाडस करते, त्याचा थोडा अंश घरानेही करावयास हरकत नाही.

रुग्णाला उचलताना काळजीवाहू व्यक्तीने स्वतःच्या पाठीलाही जपावे. कमरेत वाकू नये. गुडघे वाकवून, रुग्णाला अंगाशी घेऊन उठवावे आणि शक्य तेथे दोघांनी मिळून उठवावे. भार वाटून घेतल्यामुळे एका खेळाडूची कारकीर्द सोळा हंगाम चालली. शुश्रूषा त्याहून दीर्घ चालू शकते. म्हणून आठवड्यातील एक दुपार भावंडांपैकी किंवा शेजाऱ्यांपैकी कोणाकडे तरी हक्काने सोपवावी.

ज्येष्ठांच्या उशाशी एक लहान वही ठेवावी. तीत औषधांच्या नोंदीशेजारी त्या दिवशी किती पावले किंवा घरातल्या घरात किती फेऱ्या झाल्या, तेही लिहावे. काल अंगणाच्या दारापर्यंत, आज तुळशीपर्यंत. एखाद्या दिवशी आकडा खाली आला तर रागावू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी हाताशी द्यावी आणि सोबत चालू लागावे.