मंडईतली लिसिस्ट्राटा

भाऊबीज झाली की गोंदिया जिल्ह्यात मंडईचे दिवस लागतात. आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव, तालुका कुठलाही घ्या. आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या गावची. बाजार भरतो, पाहुणे येतात, सोयरिकीची बोलणी निघतात आणि गर्दीच्या मधोमध खडी गंमत उभी राहते. तिला ना मंच लागतो ना पडदा. डफ, ढोलकी, तुणतुणं आणि लुगडं नेसून घुंगरू बांधलेला नाच्या. आधी गण होतो. देवाचं नाव घेऊन झालं की त्याच तोंडानं उखळ-मुसळाचं कोडं पडतं. ऐकणाऱ्याचे कान तापतात आणि उत्तर मात्र घरातल्या भातकांडणाचं निघतं.

या गमतीला ‘चावट’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी इसवी सनपूर्व ४११ मधलं अथेन्स पाहावं. स्पार्टाशी वीस वर्षं युद्ध चाललेलं. दोनच वर्षांपूर्वी सिसिलीत अथेन्सचं आरमार बुडालेलं. अशा वेळी ॲरिस्टोफेनिसनं ‘लिसिस्ट्राटा’ रंगमंचावर आणलं. दोन्हीकडच्या बायका मद्याच्या साक्षीनं शपथ घेतात : तह होईपर्यंत नवऱ्याला जवळ येऊ द्यायचं नाही. म्हाताऱ्या बायका तर खजिना असलेला गडच ताब्यात घेतात, म्हणजे युद्धाचा पैसाच अडला. त्यांच्यातली मिऱ्हिनी आपल्या कासावीस नवऱ्याला आशेला लावते; आधी खाट आणते, मग गादी, मग उशी, मग अत्तर, आणि ऐन वेळी निघून जाते. या बायकांच्या भूमिका पुरुषच करत. पुरुष पात्रांच्या कमरेला चामड्याचं लिंग लोंबत असे. हे सारं डायोनिससच्या उत्सवात, देवाच्या नावानं आणि स्पर्धेत चाले.

सिनेमानं हे नाटक पुन्हा पुन्हा उचललं. हॉलिवूडनं १९५५ मध्ये ‘द सेकंड ग्रेटेस्ट सेक्स’मध्ये ते कॅन्ससला नेलं. स्पाइक लीनं २०१५ मध्ये ‘शाय-रॅक’ काढला. युद्धाच्या जागी शिकागोतल्या टोळ्यांचा गोळीबार आला. त्यातले संवाद यमकात आहेत आणि सॅम्युएल जॅक्सनचा सूत्रधार थेट प्रेक्षकांशी बोलतो. आपल्या शाहिराला ही रीत कुणी शिकवायला नको.

साम्य इथेच संपत नाही. ‘लिसिस्ट्राटा’त म्हाताऱ्या पुरुषांचा आणि म्हाताऱ्या बायकांचा असे दोन गायकवृंद समोरासमोर भांडतात, एकाच्या हाती आग, दुसऱ्याच्या हाती पाण्याच्या घागरी. आपल्याकडे तुरेवाले शिवाची बाजू घेतात, कलगीवाले शक्तीची. पुरुष थोर की प्रकृती, हा सवाल-जवाब शाहिरांनी पिढ्यान्‌पिढ्या लढवला. दुय्यम खडी गमतीत दोन शाहीर समोरासमोर येतात तेव्हा तोच झगडा ऐकू येतो. अथेन्सहून इथे काही आलं असं मी म्हणत नाही. उत्सवात माणूस देहाबद्दल मोकळा बोलतो आणि त्या बोलण्यातून सत्तेलाही हात घालतो, हे दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडलं, असं माझं ठाम मत आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली. पुढे सुधार समिती आली, वग तपासले जाऊ लागले. तेव्हा भंडारा जिल्हा, ज्यातून १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला, मध्य प्रांतात होता. १९५६ पर्यंत मुंबईचा हुकूम या झाडीपट्टीत चालतच नव्हता. पुढेही गमतीचा मोठा भाग तोंडीच राहिला. लिहिलेलीच संहिता नसेल तर लाल शाई फिरवायची कशावर?

आणि झाडीतल्या लिसिस्ट्राटाचं कथानक शोधायला ग्रीसला जायची गरज नाही. महाराष्ट्रात गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारू दुकानासाठी गुप्त मतदान होतं. निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. नवऱ्याच्या बाटलीला बायकांनी मिळून घातलेला हा लगाम शाहिराच्या हाती द्या. पुढचं तो पाहून घेईल.

हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीच्या दंडार या लोकनाट्यावर ग्रंथ लिहिला, तसं काम खडी गमतीवरही व्हायला हवं; तेही गाळीव नको. विद्यापीठांनी आणि लोककलेच्या अभ्यासकांनी याच मंडईत कॅमेरा घेऊन यावं, शाहिराला त्याची बिदागी द्यावी आणि गणापासून शेवटच्या चावट कोड्यापर्यंत सगळं जसंच्या तसं टिपून घ्यावं.