टी.पी. नंबरची नवी गाडी : नऊ दिवसांची चूक आणि सहा लाखांचा फटका

नवी गाडी घरी आली की पहिले काही दिवस सगळ्या मोहल्ल्याचे लक्ष तिच्याकडे असते. पेढे वाटले जातात, आप्तेष्ट मुबारकबाद देतात आणि मुलांना एक फेरी मारून आणावी लागते. या गडबडीत शोरूममधून मिळालेला एक कागद मात्र गाडीच्या कप्प्यात पडून राहतो. तो कागद म्हणजे तात्पुरत्या नोंदणीचा दाखला. आपल्याकडे त्याला सर्रास 'टी.पी.' म्हणतात. त्यावरची एक तारीख वाचायची राहून गेली, तर आयुष्याच्या कमाईला कसा फटका बसू शकतो, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना सांगावे, म्हणून हा लेखप्रपंच.

सोलापूरकरांना हा विषय विशेष लागू आहे. आपले शहर दोन राज्यांच्या वेशीवर वसले आहे. विजापूर रस्त्याने टाकळी सोडून भीमा नदीचा पूल ओलांडला की धूळखेड लागते आणि कर्नाटक सुरू होते. अक्कलकोटच्या पुढे गुलबर्ग्याची वाट, तर हैदराबाद रस्त्याने उमरगा सोडले की पुन्हा कर्नाटक. चादरी व टॉवेलचे गठ्ठे, डाळिंबाचे क्रेट, भंगार, फर्निचर, सगळे याच रस्त्यांनी जाते. कोणी पुण्याहून गाडी आणतो, कोणी विजापूर किंवा हैदराबादला सोयीची मिळाली म्हणून तिकडून आणतो. परमुलुखातून नव्या गाडीने घरी येताना तिची ओळख म्हणून हा तात्पुरता नंबरच सोबत असतो.

जोधपूरच्या चोरीची गोष्ट

आधी एक घडलेली हकिकत सांगतो. राजस्थानातील श्रीगंगानगरच्या एका कंत्राटदाराने 2011 साली नवी बोलेरो घेतली. विमा उतरवला, तात्पुरती नोंदणीही केली. ती नोंदणी 19 जुलै 2011 रोजी संपली. कायम नोंदणी करायची राहून गेली. कामानिमित्त ते गाडी घेऊन जोधपूरला गेले आणि रात्री एका गेस्ट हाऊसबाहेर गाडी उभी केली. 28 जुलैच्या सकाळी पाहतात तो गाडी गायब! पोलिसांत फिर्याद दिली, विमा कंपनीकडे दावा केला. विम्याची रक्कम सहा लाखांहून अधिक होती.

विमा कंपनीने दावा नाकारला. चोरीच्या दिवशी गाडीची नोंदणीच अस्तित्वात नव्हती, असे तिचे म्हणणे होते. ग्राहक आयोगांनी मालकाच्या बाजूने कौल दिला. चोरीचा आणि नोंदणीचा काय संबंध, असे त्या मालकाला वाटले असेल, तर नवल नाही. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 30 सप्टेंबर 2021 रोजी निकाल कंपनीच्या बाजूने लागला. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणे हा विमा कराराच्या मूळ अटीचाच भंग आहे, सबब भरपाई देय नाही, असे न्यायालयाने ठरवले. मुदत उलटून अवघे नऊ दिवस झाले होते.

हा निकाल एकाएकी आलेला नव्हता. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच दुसऱ्या प्रकरणात हेच सांगितले होते. त्यात तात्पुरती नोंदणी 11 जानेवारी 2006 रोजी संपली होती आणि 2 फेब्रुवारीला गाडीला अपघात झाला. तिथेही विमा चालू होता, पण नोंदणी नव्हती. मालकाच्या हाती काही लागले नाही.

विम्याचा हप्ता भरला म्हणजे आपण सुरक्षित, ही समजूत किती पोकळ आहे ते यावरून कळावे. विमा आणि नोंदणी ही गाडीची दोन चाके आहेत. एक निखळले की दुसरे असून उपयोग नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा 1988 सालचा आहे. त्याच्या कलम 39 प्रमाणे नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. मग शोरूमपासून घरापर्यंत गाडी आणायची कशी? त्यासाठी कलम 43 मध्ये तात्पुरत्या नोंदणीची सोय आहे. पूर्वी या नोंदणीची मुदत जास्तीत जास्त एक महिना असे. नुसती चासी बांधणीसाठी कारखान्यात अडकली, तर ती वाढवून मिळे. 2021 साली केंद्राच्या नियमांत बदल झाला आणि ही मर्यादा सहा महिन्यांपर्यंत वाढली. पण 'सहा महिने मिळतात' असे कोणाकडून ऐकून निर्धास्त राहू नये. आपल्या दाखल्यावर जी तारीख छापली आहे, तीच खरी.

नोंदणीविना गाडी चालवल्यास कलम 192 प्रमाणे पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. दुसऱ्या वेळी पाच ते दहा हजार दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तरीही आमच्या मते दंड ही लहान गोष्ट आहे. दंड भरून माणूस सुटतो, विमा बुडाला तर मात्र कर्जाचे हप्ते गाडीवाचून फेडावे लागतात.

पाटी कशी असावी

तात्पुरत्या नंबरची पाटी पिवळी आणि अक्षरे लाल असतात. नंबरची सुरुवात 'टी' या इंग्रजी अक्षराने होते. त्यापुढे महिना, वर्ष, राज्याचे अक्षर आणि मग क्रमांक असतो. कागदावर नंबर लिहून तो काचेला चिकटवणे आता चालत नाही.

लाल पाटीवर पांढरी अक्षरे दिसली, तर ती विक्रेत्याच्या ट्रेड सर्टिफिकेटची पाटी समजावी. ती विक्रेत्याच्या ताब्यातील गाड्यांसाठी आहे. 'दोन दिवस हीच लावून जा' असे कोणी म्हणाले, तरी ती लावून गाडी घरी आणू नये. विक्री झाल्यावर त्या पाटीशी ग्राहकाचा संबंध राहत नाही.

जर्मनीत नवी गाडी परदेशी नेणाऱ्याला वेगळी पाटी मिळते. तिच्या उजव्या कडेला लाल पट्टा असतो आणि त्यावर मुदत संपण्याची तारीख ठसठशीत छापलेली असते. गाडीभोवती फिरणाऱ्या कोणालाही ती दिसते. आपल्या पाटीवर नंबर दिल्याचा महिना कळतो, पण संपण्याची तारीख दिसत नाही. ती कागदातच शोधावी लागते. म्हणून आमचे सांगणे असे, की ती तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी.

सीमेपलीकडून गाडी आणताना

तात्पुरती नोंदणी कोणत्याही राज्यात झालेली असो, ती देशभर चालते. सोलापूरच्या रहिवाशाने विजापुरात गाडी घेतली, तर तिथे टी.पी. करून गाडी इकडे आणावी आणि कायम नोंदणी सोलापूरच्या आर.टी.ओ. कचेरीत करून एम.एच. 13 चा नंबर घ्यावा. रस्ता कर महाराष्ट्रात भरायचा. गाडी महाराष्ट्रातच घेतली असेल, तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करायचा असतो. परराज्यातल्या खरेदीत ती धावपळ आपल्यावर येते, हे आधीच लक्षात घ्यावे.

काही बांधव कर वाचवण्यासाठी कर्नाटकातील पाहुण्यांचा पत्ता देऊन तिकडचाच नंबर घेतात. हा सौदा दिसतो तितका स्वस्त नाही. कायद्याप्रमाणे गाडी जिथे नेहमी ठेवली जाते, त्या राज्यात तिची नोंदणी हवी. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इकडे ठेवली, तर कलम 47 प्रमाणे नवा नंबर घ्यावाच लागतो. आणि जी.एस.टी.चा दर 1 जुलै 2017 पासून देशभर सारखाच आहे. त्यामुळे किमतीतला फरक नीट पाहूनच परमुलुखाची वाट धरावी.

टेम्पो घेणाऱ्यांसाठी

मालवाहू गाडीची गोष्ट निराळी आहे आणि इथेच आपले बांधव जास्त फसतात. आमच्या परिचयातील एका टॉवेल व्यापाऱ्याने पुण्याहून मोठा टेम्पो घेतला. गाडी रिकामीच सोलापूरला यायची, तर वाटेतला थोडा माल घ्यावा, डिझेल तरी निघेल, असा हिशेब केला. हिशेब व्यवहाराचा होता, पण कायद्याचा नव्हता.

कलम 66 प्रमाणे तात्पुरत्या नंबरच्या मालवाहू गाडीला परवान्यातून सूट आहे, पण ती नोंदणीसाठी 'रिकामी' जात असेल तरच. माल भरला की सूट संपली. विनापरवाना वाहतुकीला कलम 192-अ प्रमाणे दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अपघात झाला तर आणखी पंचाईत. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली परवाना नसलेल्या मालवाहू गाडीच्या प्रकरणात असा निर्णय कायम केला, की विमा कंपनीने मृताच्या वारसांना भरपाई द्यावी आणि ती मालकाकडून वसूल करावी. म्हणजे अखेर पैसा मालकाच्याच खिशातून जायचा.

आता कोणी म्हणेल, आमची गाडी छोटी आहे. खरे आहे. मालासह एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणजे फिटनेस दाखला लागत नाही, असे नव्हे. तो असल्याखेरीज मालवाहू गाडीची नोंदणी वैध धरली जात नाही, असे कलम 56 सांगते. म्हणून छोटा हत्ती असो की दहाचाकी, कायम नंबर आणि फिटनेस हाती येईपर्यंत गाडीत माल भरू नये.

नुसती चासी घेऊन इथल्या शेडमध्ये बांधणी करून घेणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावे. बांधणीचे काम सांगितल्या दिवशी पूर्ण होत नाही, हे मालकालाही ठाऊक असते आणि कारागिरालाही. पत्रा येत नाही, वेल्डर गावी जातो, रंगाला पाऊस आडवा येतो. मुदत संपत आली असेल, तर शेडमध्ये असतानाच आर.टी.ओ. कचेरीत मुदतवाढीचा अर्ज द्यावा. मुदत संपल्यावर 'शेडपासून कचेरीपर्यंतच तर जायचे आहे' म्हणून गाडी रस्त्यावर काढू नये. तेवढ्या वाटेतही अपघात होऊ शकतो.

बांधणी करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांनाही विनंती आहे. ग्राहकाची चासी शेडमध्ये घेताना टी.पी.ची तारीख वहीत लिहून घ्या आणि आठ दिवस आधी त्याला आठवण करा. नमुना 22-अ मध्ये बांधणीचा दाखला तुमच्याच सहीने द्यायचा असतो. तो अडला की नोंदणी अडते. इतकी काळजी घेणाऱ्या कारागिराकडे ग्राहक पुन्हा येतो, आणि चार जणांना घेऊन येतो.

गाडी ताब्यात घेताना

शोरूममधून निघण्यापूर्वी पुढील कागद स्वतः तपासावेत : विक्रीचा दाखला म्हणजे नमुना 21, गाडी रस्त्यालायक असल्याचा नमुना 22, पक्के बिल, विम्याची पॉलिसी आणि तात्पुरत्या नोंदणीचा दाखला. सगळ्यांवरचा चासी नंबर व इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवरच्या नंबरशी जुळवून पाहावा. एक आकडा चुकला, तरी पुढे नोंदणी अडते. कर्ज असेल, तर त्या बँकेचे नाव नोंदणीच्या नमुना 20 वर आले आहे का, तेही पाहावे. चालवणाऱ्याजवळ त्या वर्गाच्या गाडीचे लायसन्स हवे, हे वेगळे सांगायला नको.

'एजंटाला पैसे दिलेत, तो करील' हे उत्तर आम्ही पुष्कळ वेळा ऐकले आहे. एजंट कागद फिरवतो, पण दाव्याच्या वेळी विमा कंपनी एजंटाला विचारत नाही. ती मालकाला विचारते. आपण दुकानात उधारीची तारीख कधी विसरत नाही. आपल्या घामाच्या पैशाने घेतलेल्या गाडीच्या कागदावरची तारीखही तशीच लक्षात राहिली पाहिजे. ज्यांच्या दारात सध्या पिवळ्या पाटीची गाडी उभी आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी तो दाखला काढून पाहावा.