विश्लेषण : रेअर अर्थ चुंबक जपून का हाताळावेत?

इअरफोनपासून विजेवर चालणाऱ्या मोटारींपर्यंत अनेक ठिकाणी रेअर अर्थ चुंबक वापरले जातात. चीनने एप्रिल २०२५ मध्ये यातील काही चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि वाहन उद्योगाची चिंता वाढली. मात्र हेच चुंबक आता घराघरांतही पोहोचले आहेत. तिथे त्यांच्या ताकदीचा अंदाज नसणे महागात पडू शकते.

हे चुंबक कशाचे बनतात?

सर्वाधिक वापरात आहे तो निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या मिश्रधातूचा चुंबक. १९८० च्या दशकात जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी तो स्वतंत्रपणे विकसित केला. तेवढ्याच आकाराच्या काळ्या फेराइट चुंबकापेक्षा तो कितीतरी पट ताकदवान असतो. त्यामुळे मोटार, स्पीकर, हार्ड डिस्क लहान आणि हलक्या करता आल्या. पवनचक्क्यांच्या जनित्रांतही तो वापरतात.

मुलांना धोका कोणता?

चुंबकाचे रंगीत मणी गोळीसारखे दिसतात. एकापेक्षा अधिक मणी पोटात गेले, की आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात. मध्ये चिमटलेल्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो, आतड्याला छिद्र पडते. सुरुवातीला फक्त पोटदुखी, उलटी होते. त्यामुळे साधे अपचन समजून वेळ जातो. मुलाने चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना ‘चुंबक’ असे स्पष्ट सांगावे. अमेरिकेने २०२२ मध्ये असे सुटे, गिळता येण्याजोगे शक्तिशाली चुंबक करमणुकीच्या वस्तूंत वापरण्यावर कठोर निर्बंध घातले.

मोठ्यांनी काय काळजी घ्यावी?

पेसमेकर बसवलेल्यांनी हे चुंबक छातीजवळ आणू नयेत. चुंबक असलेले मोबाइलही अशा उपकरणांपासून किमान सहा इंच दूर ठेवावेत, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. मोठे चुंबक एकमेकांवर आदळले, तर मध्ये सापडलेले बोट चिरडते. शिवाय ते ठिसूळ असल्याने त्यांचे तुकडे डोळ्यांत उडू शकतात. म्हणून हातमोजे आणि चष्मा घालावा. चिकटलेले चुंबक सरळ न ओढता बाजूला सरकवून सोडवावेत. त्यांना ड्रिलने भोक पाडू नये. त्यांचा भुसा पेट घेतो.

ते साठवावेत कसे?

चुंबकांमध्ये लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी. एटीएम कार्ड दूर असावे. साध्या प्रकारच्या निओडिमियम चुंबकाची ताकद ८० अंश सेल्सिअसच्या वर कायमची घटू शकते. वरचा निकेलचा मुलामा निघाला की तो गंजतो. जुन्या खेळण्यातला चुंबक सैल झाला असेल, तर ते खेळणे मुलांच्या हातून लगेच काढून घ्यावे.