अग्निबाणविद्येची ओळख (लेखांक चौथा) : अगदी लहान मोटार

गेल्या आठवड्यात नमुना-अग्निबाणाचा देह आपण टोकापासून पंखांपर्यंत पाहिला. त्या देहाला गती देणाऱ्या मोटारीचा विचार आता करावयाचा, आणि तो अगदी लहान मोटारीपासूनच. कारण मोठ्या मोटारीने आरंभ करण्याचा जो मोह नवशिक्यास पडतो, तो विद्या आणि सुरक्षितता या दोहोंना सारखाच घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही मोटार म्हणजे १३ मिलिमीटर व्यासाची व ४५ मिलिमीटर लांबीची जाड कागदी नळी. तिच्या तळाशी मातीची अरुंद तोटी, तीवर यंत्राने दाबून बसवलेली बंदुकीची दारू, त्यावर सावकाश जळणारे विलंब-मिश्रण आणि शेवटी हवाई छत्री बाहेर ढकलणारी चिमूटभर दारू, अशी तिची रचना असते. तिच्यावर ‘अर्धा ए ३-२’ असा जो शिक्का असतो, तोच तिचा दाखला. अक्षर एकूण आवेग सांगते : ‘ए’ वर्गाची कमाल मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, ‘अर्धा ए’ची १.२५, आणि पुढचे प्रत्येक अक्षर ही मर्यादा दुप्पट करते. पहिला अंक सरासरी रेटा न्यूटनमध्ये दर्शवितो, दुसरा विलंबाचे सेकंद. २० ग्रॅम वजनाच्या अग्निबाणास पृथ्वी सुमारे ०.२ न्यूटन बलाने खाली ओढते. म्हणजे ३ न्यूटनांचा रेटा त्याच्या पंधरापट झाला, आणि तो अर्ध्या सेकंदाच्या आतच संपतो. त्यानंतर अग्निबाण केवळ मिळवलेल्या वेगावर चढत राहतो. विलंब थोडा पडला तर छत्री भर वेगात उघडून फाटते, आणि अधिक झाला तर ती उघडेपर्यंत अग्निबाण जमिनीकडे धावू लागलेला असतो.

दारू एका टोकाकडून, थराथराने जळावी अशी या मोटारीची योजना असते. तिच्यात एखादी चीर राहिली, तर जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो, वायूचा दाब नळीच्या सहनशक्तीबाहेर जातो आणि मोटार फुटते. मोठ्या अग्निबाणांचे घन इंधन क्ष-किरणांनी तपासतात ते याच कारणासाठी. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर, जे १९७९ साली विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले, त्यांनी आपले कार्य याच घन इंधनाच्या शास्त्रात केले. लहान मोटारीकडे परत यायचे तर, अमेरिकेत नेब्रास्का प्रांतातील ऑरव्हिल कार्लाइल या पादत्राणांच्या व्यापाऱ्याने १९५४ साली नमुना-अग्निबाण सिद्ध केला, आणि पुढे व्हर्नन एस्टेस यांनी अशा मोटारी भरणारे यंत्रच बनविले.

आपल्याकडे १८८४ चा स्फोटके अधिनियम आणि २००८ ची नियमावली यांच्या अंमलाखाली दारू बनविण्यास व आयात करण्यास परवाना लागतो. या परवान्यांचा कारभार पाहणाऱ्या संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. घरी मोटार भरण्याची मुभा नाही, आणि ती असती तरी मी कोणासही तसे करू दिले नसते.

परवानाधारक संस्थेच्या देखरेखीखाली उड्डाण करण्याची संधी ज्यांना लाभेल, त्यांनी जागेचा तपशील नीट पाहावा. आमच्या मलकापुरातून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, विजेच्या तारा जवळ असतात, आणि ऊसतोडीनंतर मोकळे दिसणारे शिवार वाळलेल्या पाचटामुळे सर्वांत धोक्याचे. त्यावर ठिणगी पडली तर शेजारचा उभा ऊसही जाईल. उड्डाणफळीभोवतीची जमीन स्वच्छ खरडलेली असावी, प्रज्वलन विजेच्या तारेने निदान ५ मीटर अंतरावरून व्हावे, वारा ताशी ३२ किलोमीटरांहून अधिक असल्यास बेत रहित करावा.

मोटार हाती नसली तरी या आठवड्यात एक काम प्रत्येकास करता येईल. तिच्याइतके वजन शेपटीच्या नळीत बसवून, गुरुत्वमध्याशी दोरी बांधून अग्निबाण डोक्याभोवती फिरवा. टोक सतत पुढे राहिले तर रचना स्थिर आहे. न राहिल्यास टोकात थोडे वजन वाढवा किंवा पंख मोठे करा, आणि पुढील लेखांकातील छत्रीकडे त्यानंतरच वळा.